रजिस्टर केलेला निकाह आणि रजिस्टर लग्न

मृत्युपत्राविषयीच्या गेल्या लेखात निकाहनाम्याचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘आमचे लग्न रजिस्टर आहे.’ हे वाक्य ज्या विश्वासाने लिहिलेले असते तो विश्वास पुढे कागद तपासताना पुष्कळदा टिकत नाही, कारण आपल्याकडे ‘रजिस्टर’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न (एक शिक्षिका, मिरज): वकीलताई, सलाम. माझा निकाह २०११ साली झाला. त्याच महिन्यात आम्ही महापालिकेत विवाहनोंदणी करून प्रमाणपत्र घेतले. ‘तुझे लग्न रजिस्टर आहे, आता जावयाला दुसरे लग्न करता येणार नाही आणि तलाकसुद्धा कोर्टातूनच घ्यावा लागेल’, असे तेव्हा माहेरी सर्वांनी सांगितले. आता घरात कुरबुरी वाढल्या आहेत. हे खरे आहे का?

उत्तर: ताई, हे खरे नाही, आणि ते आज कळणे हे उद्या कळण्यापेक्षा बरे, म्हणून स्पष्ट लिहिते.

तुम्ही ते प्रमाणपत्र हातात घ्या आणि त्यावर कोणत्या कायद्याचे नाव छापले आहे ते वाचा. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८’ असे नाव असते. हा कायदा लग्न लावत नाही. आधीच लागलेल्या लग्नाची, मग ते सप्तपदीने असो, चर्चमध्ये असो की निकाहने, सरकारी वहीत नोंद करून घेणे एवढेच त्याचे काम आहे. नोंद नव्वद दिवसांच्या आत करावी असे तो सांगतो, परंतु केवळ नोंद केली नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले, ते लग्न झाल्याचा पुरावा हाताशी असावा म्हणून. त्यामुळे तुमच्याकडचा कागद हा तुमच्या निकाहचा उत्तम पुरावा आहे, मात्र त्या निकाहला कोणता कायदा लागू होतो हे त्या कागदाने बदललेले नाही. तो १९३७ च्या शरीयत कायद्यानुसार मुस्लिम व्यक्तिगत कायदाच आहे.

नोंदणीमुळे दुसरे लग्न अडते हा समज तर ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात उघड झाला. ठाणे महापालिकेने एका मुस्लिम पुरुषाच्या पुढच्या लग्नाची नोंद करण्यास नकार दिला होता. न्यायालयाने सांगितले की, १९९८ च्या कायद्यात मुस्लिम पुरुषाचे एकाहून अधिक विवाह नोंदवण्यास मनाई नाही, आणि व्यक्तिगत कायदा जे करू देतो ते नोंदणी अधिकाऱ्याला अडवता येणार नाही. तुमच्या माहेरच्या माणसांनी जे सांगितले ते चांगल्या भावनेने सांगितले असेल, पण ते वर्णन दुसऱ्याच एका कायद्याचे होते.

तो दुसरा कायदा म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर त्या कायद्याखाली जे लग्न लागते ते खऱ्या अर्थाने नागरी लग्न होय. तिथे पती मुस्लिम असला तरी पहिली पत्नी हयात असताना त्याने दुसरा निकाह केला, तर तो द्विभार्येचा फौजदारी गुन्हा ठरतो. तिथे तोंडी, लेखी, एका दमात वा तीन महिन्यांत दिलेल्या कोणत्याच तलाकने लग्न मोडत नाही. ते मोडण्याचा अधिकार केवळ न्यायालयाला असतो, आणि घटस्फोटाची कारणे नवऱ्याला व बायकोला जवळपास सारखी असतात. पत्नीला दोन-तीन कारणे जास्तीची मिळतात इतकेच.

आता तुमच्यापुरते. निकाह झालेली पत्नी आज निराधार आहे असे मात्र अजिबात समजू नका. एका बैठकीत तीनदा तलाक म्हणून लग्न संपवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवली आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला. इतर प्रकारचा तलाकसुद्धा ‘मी दिला’ एवढे म्हणून सिद्ध होत नाही. त्याला सबळ कारण हवे, दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकडून समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सारे नवऱ्याने पुराव्याने दाखवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने आणि आपल्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठानेही २००२ मध्येच सांगितले आहे. टपालाने आलेला तलाकनामा पाहून घर सोडू नका, कारण ते घर सोडल्यावर परत मिळवणे फार अवघड जाते. तुम्हाला स्वतःला लग्न मोडायचे झाल्यास १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली न्यायालयात जाता येते. दोन वर्षे खर्चाला न देणे, चार वर्षे बेपत्ता असणे, क्रूर वागणूक ही त्यातली नेहमीची कारणे. पोटगीसाठी सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुला असलेला जो फौजदारी प्रक्रियेतला मार्ग आहे, पूर्वीचे कलम १२५ आणि आता नव्या संहितेतले कलम १४४, तो घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालत गेल्या होत्या. त्या सात जणींच्या दोन मागण्यांपैकी पहिलीचा मोठा भाग एकावन्न वर्षांनी पदरात पडला. दुसरी निकाहच्या कायद्यात अजून तशीच आहे. तुमच्या पत्रातील भीती त्याच दुसऱ्या मागणीशी जोडलेली आहे, आणि तिच्यावरचा आजचा कायदेशीर मार्ग पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न (पती-पत्नी, पुणे): आम्हा दोघांचे वय चाळिशीच्या पुढे आहे. दोन मुली आहेत, मुलगा नाही. कर्ज फेडून घेतलेला एक फ्लॅट यांच्या नावावर आहे. सासूबाई आमच्याकडे असतात आणि दीर वेगळे राहतात. यांच्या मागे फ्लॅट मुलींना आणि मला मिळेल ना, की दीरही हक्क सांगतील? नात्यातल्या एकाने ‘पुन्हा रजिस्टर लग्न करा’ असे सुचवले. वीस वर्षांच्या संसारानंतर पुन्हा लग्न म्हणजे काय, हेच कळत नाही.

उत्तर: आकड्यांत मांडले की प्रश्न लगेच स्पष्ट होतो. फ्लॅटची किंमत ४८ लाख रुपये आहे असे धरू. तुमचे पत्र हनफी (सुन्नींमधली एक विधिपरंपरा) कुटुंबातले आहे असे त्यातील उल्लेखांवरून दिसते, म्हणून त्याच वारसाहिशेबाने लिहिते.

मूल असताना विधवा पत्नीचा वाटा एक अष्टमांश, म्हणजे ६ लाख. मुलगा नसताना दोन किंवा अधिक मुलींचा मिळून दोन तृतीयांश, म्हणजे ३२ लाख. आईचा एक षष्ठांश, म्हणजे ८ लाख. एकूण ४६ लाख झाले. उरलेले २ लाख पतीच्या भावाकडे जातात. सासूबाई हयात नसतील तर त्यांचे ८ लाख मुलींकडे न येता दिरांच्या वाट्यात मिळतात, आणि तो १० लाखांचा होतो. दोन लाख असोत की दहा, राहत्या फ्लॅटमध्ये एक बाहेरचा हिस्सेदार आला की विक्रीच्या खरेदीखतावर, सोसायटीच्या कागदांवर, बँकेच्या अर्जावर त्याची सही लागते. माझ्याकडे येणारे तंटे बहुधा रकमेवरून नसतात, त्या सहीवरून असतात. मृत्युपत्राचाही इथे पुरेसा उपयोग होत नाही, कारण मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि जो आधीच वारस आहे त्याला काही जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती हवी.

तुमच्या नातेवाइकाने सुचवले ते विशेष विवाह कायद्याचे कलम १५ होय. पुन्हा लग्न लावणे असा त्याचा अर्थ नाही. इतर कोणत्याही पद्धतीने आधी झालेले लग्न त्या कायद्याच्या वहीत नोंदवून घेण्याची ती सोय आहे, आणि महापालिकेतली नोंद आधी झालेली असली तरी तिची आडकाठी येत नाही. अटी थोड्या आहेत: समारंभाने लग्न झालेले असावे आणि तेव्हापासून एकत्र संसार असावा, दोघांनाही दुसरा हयात जोडीदार नसावा, नोंदीच्या दिवशी दोघांची वये २१ पूर्ण असावीत, अर्जापूर्वी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहणे असावे, आणि दोघे निषिद्ध नात्यात नसावेत. या शेवटच्या अटीविषयी खाली सविस्तर लिहिले आहे, ते अवश्य वाचा. दोघांच्या सहीचा अर्ज दिल्यावर विवाह अधिकारी जाहीर नोटीस लावतात, हरकतींसाठी तीस दिवस थांबतात आणि मग तुमच्या व तीन साक्षीदारांच्या सह्यांनी प्रमाणपत्र देतात. त्या नोंदीच्या तारखेपासून तुमचे लग्न जणू याच कायद्याखाली लागले असे समजले जाते.

आणि इथे हिशेब बदलतो. या कायद्याच्या कलम २१ मुळे तुम्हा दोघांच्या, तसेच तुमच्या मुलींच्याही मालमत्तेचा वारसा व्यक्तिगत कायद्याने न ठरता १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. त्यात पत्नीला एक तृतीयांश म्हणजे १६ लाख, आणि बाकीचे ३२ लाख मुलींना समान, प्रत्येकी १६ लाख. दिरांचा वाटा राहत नाही. मुलगा असता तरी त्याचा आणि मुलीचा वाटा सारखाच असता, मुलाच्या निम्मा मुलीला हा नियम इथे लागत नाही. केरळमधील एका वकील-अभिनेत्याने आणि त्यांच्या पत्नीने, ज्यांचा निकाह १९९४ साली झाला होता, तीन मुलींच्या वारशासाठी ८ मार्च २०२३ रोजी, महिला दिन निवडून, हेच केले होते, आणि तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

पण तुमच्या पत्रात सासूबाईंचा उल्लेख आहे, म्हणून मला दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. भारतीय वारसा कायद्यात मुले असताना आईवडिलांना काहीही मिळत नाही. निकाहच्या कायद्याने ज्या आईला ८ लाखांचा हक्क होता, तिचा हक्क या एका सहीने शून्य होतो. अशा नोंदणीसाठी आलेल्या एका जोडप्याला मी हे समजावून सांगितले तेव्हा नवऱ्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि ‘आधी अम्मींशी बोलतो’ म्हणून ते दोघे परत गेले. महिन्याने आले ते आईच्या नावाने केलेली मुदत ठेव आणि तिला त्याच घरात तहहयात राहू देण्याची तरतूद असलेल्या मृत्युपत्राचा मसुदा घेऊनच. ज्या कायद्यात मुलींना पूर्ण न्याय आहे त्यात आईसाठी जागा आपणच करावी लागते, आणि ती करूनच अर्ज द्यावा असे माझे मत आहे.

नोंदणी करायची नसेल तर हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस देण्याचा मार्ग उरतो. देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तीन गोष्टी पूर्ण झाल्या की हिबा होतो आणि त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. मात्र दिलेली वस्तू खरोखर दिलेली असते. पुढे मुलींच्या सासरी काही बिनसले तर फ्लॅट तुमच्या नावावर राहिलेला नसतो, याचा विचार आधी करावा.

प्रश्न (एक आई, रत्नागिरी जिल्हा): माझ्या मुलीचे वय २४ आहे, ती बँकेत नोकरी करते. तिचे लग्न माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाशी ठरले आहे. मुलगी म्हणते की निकाह करू, पण त्याआधी विशेष विवाह कायद्याने लग्न लावू. घरातली वडील माणसे याला राजी नाहीत. तुमचे काय म्हणणे आहे?

उत्तर: मुलीची समज चांगली आहे आणि एरवी मी तिच्याच बाजूने बोलले असते. परंतु तिच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचा नकार ही अडचण नाहीच, अडचण खुद्द कायद्यात आहे.

विशेष विवाह कायद्याला निषिद्ध नात्यांची यादी जोडलेली आहे, आणि तीत स्त्रीसाठी चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ हे चौघेही येतात. निकाहला ही नाती चालतात, आणि कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी अशाच जुळत आल्या आहेत. रूढी असेल तर सवलत द्यावी असे कलम ४ म्हणते खरे, पण त्या कायद्यापुरती ‘रूढी’ म्हणजे राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला नियम होय. ‘आमच्यात चालते’ एवढे सांगून भागत नाही. वर कलम १५ विषयी लिहिले, तिथेही अशी नोंद होत नाही. या अटीवर खोटी माहिती देऊन लग्न लावले तर ते निरर्थक ठरते, म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी हे करायचे तीच हातून जाते. पुण्याच्या जोडप्यानेही आपले नाते आधी तपासून पाहावे.

तेव्हा तुमच्या मुलीचे सारे संरक्षण निकाहनाम्यात आहे, आणि निकाहनामा आपण ज्या निष्काळजीपणे भरतो त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मध्यंतरी एक निकाहनामा माझ्या टेबलावर आला. कागद जाड, वर सुंदर अक्षरात बिस्मिल्ला, भोवती हिरवी नक्षी. नावे निळ्या शाईत, साक्षीदार काळ्या शाईत, मुलीच्या वडिलांचे नाव आधार कार्डाशी न जुळणारे. मेहेरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, रकान्यात ७८६ रुपये. पण ते ताबडतोब द्यायचे की पुढे, याची खूण कुठेच नाही. आणि ‘शर्ती’ असा जो रकाना होता त्यावर, काही लिहायचे नाही म्हणून, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढलेली. ती मुलगी माझ्यासमोर बसली होती, आणि तिला हवे होते ते सगळे त्या रेघेच्या जागेत लिहिता आले असते.

निकाह हा करार आहे. एकाच बैठकीत इजाब आणि कबूल म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, सुन्नी पद्धतीत साक्षीदार, आणि मेहेर. कायद्याच्या दृष्टीने काझींची उपस्थितीही अनिवार्य नाही. ज्या अर्थी तो करार आहे, त्या अर्थी त्यात वाजवी अटी घालता येतात, आणि त्या निकाहच्या दिवशी मंडपात सुचत नाहीत. आठवडाभर आधी दोन्ही घरांनी बसून त्या लिहाव्यात. मेहेर मुलीच्या भविष्याला खरोखर उपयोगी पडेल इतके ठरवावे, त्यातले किती मुअज्जल म्हणजे मागताक्षणी द्यायचे आणि किती पुढे द्यायचे हे अंकी व अक्षरी लिहावे. न दिलेले मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज असते आणि त्याच्या मृत्यूनंतर वाटणीच्या आधी ते फेडावे लागते. दुसरी अट तलाक-ए-तफवीजची. नवऱ्याने दुसरे लग्न केले, किंवा ठरावीक महिने खर्चाला दिले नाही, तर पत्नीने स्वतःला तलाक देऊन मोकळे व्हावे, असा अधिकार नवरा तिला करारातच देऊ शकतो. ही व्यवस्था इस्लामी फिकहमधलीच, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्यातलीच आहे आणि भारतीय न्यायालयांनी ती मान्य केलेली आहे. तिने नोकरी चालू ठेवावी आणि तिच्या पगारावर तिचाच हक्क राहावा, हेही लिहा. हे सगळे शरीयतमध्ये बसणारे असल्याने घरातल्या वडील माणसांचा विरोध राहण्याचे कारण नाही. भाऊ सख्खा असला तरी लिहा, किंबहुना सख्खा आहे म्हणूनच लिहा, कारण उद्या काही झाले तर आईला भावापुढे तोंड उघडणे जड जाते, कागदाला जात नाही.

मग नव्वद दिवसांच्या आत १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून घ्या.

प्रश्न (एक तरुणी, नाशिक): मी हिंदू आहे, तो मुस्लिम आहे. दोघेही नोकरी करतो. त्याच्या घरच्यांची निकाहला हरकत नाही, पण ‘मुलीने कलमा वाचावा’ असे मौलवींचे म्हणणे आहे. मला धर्म बदलायचा नाही, त्यालाही तसे नको आहे. नागरी लग्नाची नोटीस घरी पाठवतात असे ऐकून भीती वाटते.

उत्तर: तुम्हा दोघांसाठी विशेष विवाह कायदा हाच सरळ रस्ता आहे, आणि तो मूळ केला आहे तोच अशा लग्नांसाठी. त्यात कोणी धर्म बदलत नाही आणि धर्माविषयी कोणी विचारीत नाही.

धर्म न बदलता निकाह केला तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिले आहे. मुस्लिम पुरुषाचा मूर्तिपूजक धर्माच्या स्त्रीशी झालेला निकाह अगदी निरर्थक नसतो, तो ‘फासिद’ म्हणजे सदोष असतो. मुले औरस ठरतात, त्यांना वडिलांचा वारसा मिळतो, पत्नीला मेहेर मागता येते, पण पतीच्या मालमत्तेत तिला वारसा मिळत नाही. आयुष्यभर संसार करून वारसाच्या यादीत आपले नाव नाही असे ऐकण्याची वेळ कोणावर येऊ नये. नागरी लग्नात पत्नीचा वाटा वर लिहिल्याप्रमाणे पक्का असतो.

प्रक्रिया अशी आहे. दोघांपैकी एकाचे तरी किमान तीस दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे. ती नोटीस कार्यालयातील दर्शनी फलकावर लागते, आणि दोघांपैकी कोणाचे कायमचे राहणे दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही तिची प्रत जाऊन तिथल्या फलकावर लागते. आईवडिलांच्या घरी नोटीस पाठवावी असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर जानेवारी २०२१ मध्ये, जोडप्याने मागणी केली नाही तर नोटीस जाहीर करू नये असे सांगितले, तथापि महाराष्ट्रात फलकावर नोटीस लागते असे गृहीत धरूनच तयारी ठेवा. तीस दिवसांत हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती वय, आधीचे लग्न, मानसिक स्थिती आणि निषिद्ध नाते एवढ्याच बाबींवर चालते. ‘मुलगा दुसऱ्या धर्माचा आहे’ किंवा ‘आमची संमती नाही’ ही कायद्याच्या दृष्टीने हरकत नव्हे, आणि आलेल्या हरकतीचा निर्णय अधिकाऱ्याने तीस दिवसांत द्यायचा असतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते, तेव्हा तारीख हातची जाऊ देऊ नका.

लग्नाच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर तुम्ही एकमेकांना, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, एवढेच म्हणायचे असते की मी तुझा कायदेशीर पती अथवा पत्नी म्हणून स्वीकार करते वा करतो. ते वाक्य मराठीत म्हणा. त्यानंतर घरच्यांच्या समाधानासाठी कोणताही विधी केला तरी तुमच्या लग्नाचा कायदा बदलत नाही.

एक गोष्ट तुमच्या वडिलांच्या मालमत्तेविषयी. कुटुंब अविभक्त असेल तर अशा लग्नामुळे कायदा तुम्हाला त्या कुटुंबातून विभक्त झालेली समजतो. याचा अर्थ हक्क बुडाला असा नाही. तुमचा जो हिस्सा असेल तो लग्नाच्या दिवशी वेगळा झाला असे धरतात आणि तो तुम्हाला मागता येतो. ‘परधर्मात लग्न केलेस, आता सातबाऱ्यावर नाव नाही’ असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. हक्कसोड पत्रावर सही मागितली गेली, तर वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

प्रश्न (एक वाचक, सावंतवाडी): बहिणीचा निकाह मडगावच्या मुलाशी व्हायचा आहे. गोव्यात निकाहबरोबर सरकारी सही दोनदा करावी लागते म्हणतात. आपल्याकडच्यासारखी नोंद नंतर केली तर चालणार नाही का?

उत्तर: चालणार नाही. सीमेवरचे बांदा ओलांडले की कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगीज काळातली नागरी संहिता आणि १९१० सालचा विवाहविषयक कायदा पुढे चालू राहिला, १९३७ चा शरीयत कायदा तिथे लागू झाला नाही. त्यामुळे मुस्लिमांसाठीसुद्धा तिथे कायद्याचे लग्न म्हणजे नागरी निबंधकासमोरचे लग्न. आधी दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा नोंदवून सही करायची, मग हरकतीची मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन साक्षीदारांसह दुसरी सही करायची. पहिल्या सहीलाच लग्न समजून दुसरी राहून गेल्याने पुढे हाल झालेल्या स्त्रिया आहेत, म्हणून बहिणीला ती दुसरी तारीख लिहून द्या आणि तुम्ही स्वतः सोबत जा.

ही लग्नपद्धत स्त्रीला बळ देणारी आहे. तिथे मुस्लिम पुरुषालाही दुसरी पत्नी करता येत नाही, तलाकही न्यायालयाबाहेर होत नाही, आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाऊन दोघांचा निम्मा-निम्मा हक्क होतो. हा वेगळा करार लग्नानंतर करता येत नाही. त्यामुळे मुलाकडून सह्यांसाठी काही कागद आला, तर तो पोर्तुगीज संज्ञांनी भरलेला असला तरी, मराठीत किंवा कोकणीत समजावून घेतल्याशिवाय बहिणीने त्यावर सही करू नये. निकाह कोणत्या दिवशी ठेवायचा ते दोन्ही घरांनी ठरवावे. मी असते तर तो दुसऱ्या सहीनंतरचा दिवस धरला असता.